घराच्या सौद्यातील ऐब आणि तो सांगण्याची जबाबदारी



सूरह अन-निसाच्या २९ व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्परांच्या राजीखुशीने होणारा व्यापार तेवढा वैध ठरविला आहे. ही राजीखुशी म्हणजे काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले, सही केली, म्हणजे तो राजी झाला असे आपण धरून चालतो. परंतु ज्याला वस्तूचे खरे स्वरूप ठाऊकच नव्हते, तो नेमका कशाला राजी झाला? त्याला दाखविले एक आणि दिले गेले दुसरे. त्याची संमती दाखविलेल्या वस्तूला होती, दिलेल्या वस्तूला नव्हती. फिक्हच्या ग्रंथांतील ऐबाचे, म्हणजे वस्तूतील दोषाचे, संपूर्ण प्रकरण या एका मुद्द्यावर उभे आहे. आज हा मुद्दा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील घरांच्या व्यवहाराला लावून पाहावयाचा आहे. मुंबईत घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले, अशी आपली अनेक कुटुंबे याच रेल्वेमार्गावर घर शोधत येतात. आखाती देशांत वीस वर्षे राबून साठविलेली पुंजी अनेकदा याच मार्गावरील एका फ्लॅटमध्ये किंवा प्लॉटमध्ये जाते.

प्रारंभ नदीपासून करू. उल्हास नदी कर्जत, नेरळकडून बदलापूरला येते आणि पुढे कल्याणकडे जाऊन खाडीला मिळते. २६ जुलै २००५ चा पूर या काठावरील लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. त्याच दिवशी बदलापुरातील नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी होते, त्याकडे मात्र देशाचे फारसे लक्ष गेले नाही. असा पूर आला की त्या भागातील तळमजल्याच्या घराला गिऱ्हाईक मिळेनासे होते, भाव पडतो. काही महिन्यांनी भिंतींना नवा रंग लागतो, लादी बदलली जाते आणि बाहेरगावाहून आलेल्या एखाद्या कुटुंबाला हेच घर 'मालकाला तातडीने गावी जायचे आहे म्हणून स्वस्तात' असे सांगून दाखविले जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नदीकाठचे घर विकणे हराम नाही. पुराचे पाणी येते हे सांगून, त्याप्रमाणे उतरत्या किमतीत ते विकले, तर सौदा पूर्णपणे वैध आहे. गुन्हा आहे तो लपविण्याचा. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. लोकांना दिसेल अशा रीतीने ते वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी विचारले आणि फसविणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. त्या व्यापाऱ्याने धान्य भिजविले नव्हते, पाऊस तर अल्लाहकडून आला होता. त्याचा अपराध एवढाच की कोरडे वर आणि ओले खाली ठेवले. नवा रंग वर आणि पुराची खूण खाली, या दोहोंत कोणता फरक आहे?

आदरणीय हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी सांगितलेल्या, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसचा आशय असा की, विकणारा आणि घेणारा खरे बोलले आणि वस्तूचे दोष उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत येते; लपविले आणि खोटे बोलले तर ती बरकत पुसली जाते. बरकत पुसली जाणे हा शब्दप्रयोग आपण आकडेमोडीत धरीत नाही, परंतु ईमान असलेल्या माणसाने तो धरला पाहिजे. दोष लपवून मिळविलेले दोन लाख रुपये मुलीच्या लग्नात किंवा मुलाच्या शिक्षणात गेले, तर त्या शुभकार्यात कोणाच्या तरी बुडालेल्या घराचा पैसा मिसळलेला असतो.

'जसे आहे तसे' अशी ओळ करारात घातली की आपण मोकळे झालो, असे अनेकांना वाटते. अशी अट कितपत ग्राह्य धरावी याविषयी फकीहांत मतभेद आहेत. परंतु स्वतःला ठाऊक असलेला ऐब जाणूनबुजून लपविण्याचे पाप कोणत्याही मजहबने माफ केलेले नाही.

विकणाऱ्याची जबाबदारी बहुतेकांना मान्य असते. आपण विसरतो ती तिसऱ्या माणसाची जबाबदारी. आदरणीय वासिला बिन अस्का (रजि.) यांचा एक प्रसंग मुस्नद अहमदमध्ये आला आहे. बाजारात एका माणसाने उंटीण विकत घेतली आणि तो निघाला. वासिला तेथे उपस्थित होते. ते धावत त्याच्या मागे गेले आणि त्यांनी विचारले की ही मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी? प्रवासासाठी, असे उत्तर मिळताच त्यांनी सांगितले की तिच्या खुराला भोक आहे, ती सलग चालू शकणार नाही. विक्रेता संतापला, तुम्ही माझा सौदा बिघडविला असे म्हणाला. त्यावर वासिला यांनी प्रेषितांची शिकवण सांगितली, तिचा आशय असा: दोष न सांगता वस्तू विकणे कोणाला वैध नाही, आणि ज्याला तो दोष ठाऊक आहे त्याला तो न सांगणेही वैध नाही.

वासिला ना विक्रेते होते ना दलाल. ते केवळ जाणणारे होते. आता आपल्या सोसायटीचा विचार करा. एखादे कुटुंब तळमजल्याची खोली पाहावयास येते. जिन्याशी उभ्या असलेल्या शेजाऱ्याला ते विचारतात की पाण्याचा काही त्रास आहे का? शेजाऱ्याला २००५ ठाऊक आहे, २०१९ ठाऊक आहे. तरीही तो म्हणतो, काही नाही, चांगली वस्ती आहे. हे तो विक्रेत्यासाठी म्हणत नाही, स्वतःसाठी म्हणतो. कारण खालच्या घराचा भाव पडला की त्याच्या दुसऱ्या मजल्याचाही पडेल. अशा रीतीने संपूर्ण इमारत एका अलिखित मौनाने बांधली जाते. माझ्या मते या पट्ट्यातील सर्वांत मोठी फसवणूक ठगांची नसून या मौनाची आहे. ठगाला पोलीस पकडतील, परंतु नमाजी शेजाऱ्याच्या मौनावर कोणते कलम लावणार?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आमचे घर हीच आमची एकमेव पुंजी; खरे बोलून आम्ही स्वतःचे नुकसान का करून घ्यावे? याचे उत्तर कठोर असले तरी सरळ आहे. पुराने जो भाव पडला तो तुमचा तोटा आहे, आणि तो दुःखदायक आहे. दोष लपविणे म्हणजे तो तोटा नाहीसा करणे नव्हे. तो न सांगता दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे होय. दुसरा आक्षेप धार्मिक वेष घेऊन येतो: दुसऱ्याच्या घराचे किंवा बिल्डरचे दोष सांगणे ही गीबत, म्हणजे परनिंदा, नव्हे काय? इमाम नववी (रह.) यांनी रियाजुस्सालिहीन या ग्रंथात ज्या सहा प्रसंगी अशी गोष्ट बोलणे वैध असते ते नोंदविले आहेत. लोकांना हानीपासून सावध करणे आणि सल्ला मागणाऱ्याला खरे सांगणे हे त्यांत स्पष्टपणे आहे. मात्र ठाऊक आहे तेवढेच सांगावे. ऐकीव गोष्टीवरून कोणाला ठग ठरविणे हे वेगळे पाप आहे.

नदीकाठचा दोष निदान पावसाळ्यात डोळ्यांना दिसतो. कागदातील दोष दिसत नाही, आणि उल्हासनगरमध्ये तो अधिक आढळतो. या शहराचा जन्मच विस्थापितांच्या छावणीतून झाला. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविले गेले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक ते पाच असे सांगतात. बराकींच्या जागी पुढे मजल्यावर मजले चढले, त्यांतील पुष्कळसे परवानगीविना. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, ८५५ अनधिकृत इमारतींवर कारवाईचा प्रश्न उभा राहिला आणि अखेर २००६ मध्ये केवळ या एका शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा राज्याला करावा लागला. एवढे होऊनही नियमित झालेल्या इमारती थोड्याच. नव्वदच्या दशकात चांगल्या रेतीच्या टंचाईच्या काळात निकृष्ट मालावर उभ्या राहिलेल्या इमारती हे आणखी एक संकट. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत येथील दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. पहिल्या दुर्घटनेत पाच आणि दुसऱ्या दुर्घटनेत सात जण मृत्युमुखी पडले. अशा इमारतीतील खोली स्वस्त असते, यात नवल नाही. परंतु घेणाऱ्याला तिची संरचनात्मक तपासणी झाली आहे काय, पालिकेची धोकादायक म्हणून नोटीस आली आहे काय, हे सांगितले जाते का? त्या नोटिशीची प्रत कपाटात ठेवून घर विकणारा आणि ओले धान्य खाली ठेवणारा यांची बरोबरी करणेही कमी पडेल. येथे प्रश्न धान्याचा नाही, प्राणांचा आहे.

शेजारच्या कल्याण-डोंबिवलीचे उदाहरण तर ताजेच आहे. तेथे महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारती उघडकीस आल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथील रहिवाशांनी महारेरा क्रमांक पाहूनच घरे घेतली होती. म्हणून क्रमांक आहे एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. ज्या बांधकाम परवानगीवर तो मिळाला, ती खरी आहे काय हे त्या पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारावे लागते. अर्धा दिवस जातो. परंतु आयुष्यभराच्या कमाईच्या मानाने अर्धा दिवस काहीच नाही.

आपल्याच लोकांत दिसणारी एक उलटी परिस्थिती येथे नोंदविली पाहिजे. व्याजापासून दूर राहावे म्हणून जी कुटुंबे गृहकर्ज न घेता रोखीने घर घेतात, त्यांचा हेतू प्रशंसनीय आहे. परंतु कर्ज घेणाऱ्याच्या बाबतीत बँकेचा वकील मालकीहक्काचा शोध घेतो, बँकेचा माणूस इमारत पाहून जातो. बँक हे स्वतःच्या पैशासाठी करते, पण घेणाऱ्याचाही त्यात बचाव होतो. रोखीने घेणाऱ्यासाठी हे कोणीच करीत नाही. म्हणजे हराम टाळणारा माणूसच ठगाला सर्वांत सोपा सापडतो. या इमारतीला कर्ज मिळत नाही ही गोष्ट दलाल 'तुम्हाला तर कर्ज नकोच आहे' असे म्हणून झाकून टाकतो. वास्तविक बँका कर्ज का देत नाहीत, हाच पहिला प्रश्न असावयास हवा. व्याज टाळावे, तपासणी टाळू नये. थोडे पैसे खर्चून स्वतःचा वकील करावा आणि निदान मागील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा.

कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उपासनेविषयी नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. व्यवहार लहान असो की मोठा, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे तीत सांगितले आहे. अल्लाहने मानवी स्वभावातील जो कंटाळा जाणून नाव घेऊन सांगितला, त्याच कंटाळ्यावर ठगांचा धंदा चालतो. 'आपण एकाच जमातीचे, आपल्यात कागद कशाला?' हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. कागद मागणे हा अविश्वास नव्हे, ते त्या आयतीचे पालन आहे. कायद्याचेही तेच म्हणणे आहे. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय घेता येत नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरीने मारलेल्या शिक्क्याने घराची मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवी. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत राहण्यास अधिकृतरीत्या तयार झालेली नसते, मग तीत कितीही कुटुंबे राहत असोत.

अंबरनाथ-बदलापूरच्या पलीकडे, वांगणी-नेरळच्या दिशेने प्लॉटच्या जाहिराती फार. चुन्याच्या रेघा आखलेल्या, कमान उभारलेली, हप्त्याची सोय. त्यातील पुष्कळशी जमीन कागदोपत्री शेतीची असते, आणि कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते. सातबाऱ्यावर आपले नाव चढणार नसेल, तर आपण जमीन घेतली नाही, रेघा घेतल्या. एकच प्लॉट दोघांना विकण्याचे प्रकारही होतात. प्रेषितांनी (सल्ल.) जे आपल्यापाशी नाही ते विकू नये अशी ताकीद दिली, तीही हकीम बिन हिजाम (रजि.) यांनाच. आणि कोणाची वीतभर जमीन अन्यायाने बळकाविणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचा फास पडेल, हा इशारा बुखारी व मुस्लिममध्ये आहे. गावच्या गुरचरणाची जागा प्लॉट पाडून विकणाऱ्याने आणि ते जाणून घेणाऱ्यानेही तो वाचावा.

आता गुंतवणुकीच्या योजनांकडे वळू. घरांचे भाव थांबले किंवा पडले की, घरात अडकविण्यापेक्षा आमच्याकडे ठेवा, दरमहा ठरावीक नफा देऊ, असे सांगणारे उगवतात. कधी तो बिल्डरच असतो: फ्लॅट तयार होईपर्यंत दरमहा इतके टक्के, तेही 'हलाल'. येथे शरीअतचा नियम इतका स्पष्ट आहे की, केवळ तो ठाऊक असता तर असंख्य कुटुंबे वाचली असती. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम अशा मुदारबामध्ये नफ्याचे प्रमाण ठरविता येते, निम्मा किंवा एक तृतीयांश. रकमेचा आकडा ठरविता येत नाही. आणि धंद्यात तोटा झाला, काम करणाऱ्याचा हलगर्जीपणा नसेल, तर तो भांडवलदाराचा. ज्या क्षणी कोणी मुद्दलाची हमी आणि लाखामागे दरमहा ठरावीक रक्कम सांगतो, त्या क्षणी ती भागीदारी राहत नाही. ते व्याजी कर्ज होते, त्याला नाव काहीही द्या. म्हणजे जी हमी ऐकून आपण निश्चिंत होतो, तीच व्यवहार अवैध असल्याची खूण आहे.

बंगळुरूच्या आय मॉनेटरी अॅडव्हायजरी या कंपनीने ठेवीदारांना भागीदार म्हणून नोंदविले, योजनेला हलाल म्हटले आणि जून २०१९ मध्ये ती कोसळली. तिचा प्रमुख देशाबाहेर गेला आणि जुलैमध्ये परत आल्यावर अटकेत गेला. हजारो कुटुंबांचा पैसा, त्यांतील बहुसंख्य मुस्लिम, विधवा आणि सेवानिवृत्त लोकांचाही. कागदावर भागीदार आणि हातात ठरावीक परतावा, हा विरोध उघड होता. पण पाहावयाचा कोणाला होता? आपल्या पट्ट्याच्या अगदी जवळ, कल्याणमध्येही, टोरेस या दागिन्यांच्या दुकानाने खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला परतावा देण्याचे आमिष दाखविले आणि जानेवारी २०२५ मध्ये दुकाने बंद पडली. तेथे धर्माचे नाव नव्हते, झगमगाट होता. युक्ती एकच: नव्याचा पैसा जुन्याला नफा म्हणून द्यावयाचा.

मशिदीच्या विश्वस्तांना येथे एक विनंती. जुमाच्या नमाजनंतर दाराशी अशा योजनेची पत्रके वाटू देऊ नयेत, आणि इमामसाहेबांना कोणत्याही कंपनीच्या मंचावर बसवू नये. तपासणीचे ज्ञान नसलेल्या माणसाची शिफारस ही साक्ष होते, आणि साक्षीचा हिशेब द्यावा लागतो.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांनी लज्जेने गप्प बसू नये. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. त्यानुसार अशा संस्थेची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना देण्याची तरतूद आहे. तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत करावी. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. साक्ष लपविणाऱ्याचे अंतःकरण पापी असते, असे सूरह अल-बकराच्या २८३ व्या आयतीत सांगितले आहे. 'आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार कशी करावी' या संकोचाला तेथे जागा नाही.

ज्यांना योजना बुडण्यापूर्वी मुद्दलाहून अधिक मिळाले, त्यांचा प्रश्न अवघड आहे. ती जादा रक्कम नफा नव्हती, मागून आलेल्या कोणा ठेवीदाराचे मुद्दल होते. ती आपली समजून ठेवता येणार नाही. मालक ठाऊक असेल तर त्याला, नाही तर जप्तीची कारवाई चालविणाऱ्या अधिकाऱ्याकडे ती जमा करणे हाच मार्ग दिसतो.

आणि अडकलेल्या रकमेच्या जकातीविषयी अनेकजण विचारतात. परत मिळण्याची आशा नसलेल्या अशा पैशावर हनफी फकीहांच्या मते मागील वर्षांची जकात नाही. रक्कम हाती आल्यावर पुढील हिशेब सुरू होतो. शाफई मजहबच्या मान्य मतानुसार जकात देय राहते, परंतु रक्कम परत मिळेपर्यंत ती अदा करावी लागत नाही; मिळाल्यावर गेलेल्या वर्षांची द्यावी लागते. आपल्या कोकणी कुटुंबांत बहुतेक शाफई असल्याने त्यांनी वर्षांची नोंद ठेवावी आणि रक्कम हाती येताच आपल्या आलिमांना आकडे दाखवून हिशेब करून घ्यावा.